झडती

क्रेनवाल्या काकाजींना हिंदी ऐकू येत नसे. मोठ्यांची यायची, तो प्रश्न नव्हता. प्लांटात ते अख्खी पाळी हिंदीतच काढत, आणि भाजीवालीशी छत्तीसगढीत अशी घासाघीस करत की ती बिचारी शेवटी कोथिंबीर वर देऊन हात जोडायची. पण त्यांच्या अंगणात मराठी घरच्या कुठल्याही पोराने हिंदीत तोंड उघडलं की काकाजी ठार बहिरे. कानामागे हात धरून पुढे वाकायचे आणि म्हणायचे, "का म्हनतं? भट्टीचा लय आवाज हाये बाप्पा, आयकू नाही येऊन राहिलं." भट्टी तिथून चांगली लांब होती. "काकाजी, पतंग निकाल दो ना" म्हणणाऱ्याचा पतंग त्यांच्या आंब्यावर संध्याकाळपर्यंत लटकत राही, आणि "काकाजी, पतंग काढून द्या" म्हटलं की हा एवढा दांडगा माणूस चपला काढून झाडावर.

आम्ही भिलाईला सेक्टर दहामध्ये राहायचो. आमच्या सडकेवर बंगाली, मल्याळी, ओडिया, तेलुगू, छत्तीसगढी असे सगळे होते, आणि त्यांच्यात अधूनमधून आमच्यासारखे भंडारा-गोंदियाकडचे, ज्यांचे आजे धानाची शेती सोडून पोलाद कारखान्यात आले होते. काकाजी आमच्या नात्यातले नव्हते. शेजारच्या क्वार्टरमधले, बाबांपेक्षा थोडे मोठे, एवढंच नातं. पण काकीच्या स्वयंपाकघरातला कुठला डबा कुठे असतो हे मला आमच्या घरातल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांना दोन्ही मुलगेच, म्हणून की काय, माझे लाड जरा जास्तच व्हायचे.

प्लांटात ते क्रेन चालवत. शॉपच्या, म्हणजे कारखान्यातल्या एका मोठ्या शेडच्या, छताखाली, उंचावर, एका लहानशा केबिनमध्ये हा माणूस पाळीभर एकटा बसायचा. खालची माणसं हाताने खुणा करणार, वरून हे हूक हलवणार. बोलायचं कोणाशी? "वर बसलो का माणूस मुका होते," ते म्हणायचे, "मंग खाली उतरलो का मले बोलन्याची उलटी होते." ती उलटी आमच्या अंगावर व्हायची. पहिल्या पाळीवरून आले, हातपाय धुतले, चहा झाला की अंगणात बाज टाकून हाका मारायला लागत. आम्ही सडकेवरची सगळी मराठी पोरं गोळा होत असू. कोडी, गोष्टी, गावाकडच्या भुतांची नावागावासकट माहिती, कोणत्या भुताला काय खायला आवडतं इथपर्यंत. आणि हे सगळं आमच्या घरच्या बोलीत, मले-तुलेच्या मराठीत.

शाळेत आम्ही हिंदी बोलायचो. प्रार्थना इंग्रजीत, भांडणं हिंदीत, आणि घरात पाय टाकला की चपलांबरोबर हिंदीही दारात काढून ठेवायची. लहान मुलाला यात काही अवघड वाटत नाही. अवघड होतं ते कोणीतरी हसल्यावर. आईचे एक मावसभाऊ पुण्याला असत. ते एकदा सहकुटुंब आमच्याकडे आले. मामींनी चॉकलेटचा डबा उघडला तशी मी म्हणाले, "मामी, मले बी एक द्या ना." मामी मनापासून हसल्या. "अय्या, मले! किती गोड!" मग त्यांनी मामांना आतून बोलावलं आणि मला ते पुन्हा म्हणायला लावलं. रागावल्या असत्या तर मी विसरून गेले असते. त्या कौतुक करत होत्या, खेळातल्या माकडाचं करतात तसं. मी त्यांच्यासमोर बोलणंच बंद केलं, खुणांनी काम भागवायला लागले.

काकाजींच्या ते लगेच लक्षात आलं. खुणांवर पोट भरणारा माणूस तो. त्यांनी मला पायरीवर बसवलं. "म्हन, मला." मी म्हटलं. "आता म्हन, मले." तेही म्हटलं. "पाह्यलं का? 'मला' म्हनतानी तोंड वासते, जांभई दिल्यावानी. 'मले' म्हनतानी ओठ हासते. आता तूच सांग, कोनतं बरं?" मी आरशासमोर उभी राहून कितीदा तरी करून पाहिलं. खरंच हसतात ओठ. मामी जाईपर्यंत मी त्यांच्याशी चांगले दात दाखवून 'मले' म्हणत राहिले. शहाणी माणसं म्हणतील, हे काही भाषाशास्त्र नव्हे. नसेल. पण लाजेने वाकलेल्या पोरीला त्या माणसाने एका शब्दावर सरळ उभं केलं होतं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो.

आमच्या सडकेवर पोरांचा खरा सण म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याला बैल लागतात, ते भिलाईच्या क्वार्टरांत कुठून आणणार? तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी पुरतो. आमच्या छत्तीसगढी शेजाऱ्यांकडे त्याच वेळी पोरा असतो. त्यांच्यात मुलांना मातीचे बैल आणि मुलींना मातीचं जातं, चूल, भांडी. आमच्यातही नंदी मुलांचाच. काकाजी भिलाईतल्याच पॉवर हाउस भागातल्या बाजारातून फळ्या आणून नंदी बनवायचे, त्याला चाकं लावायचे. त्यांनी माझ्यासाठी नंदी करायला घेतला तेव्हा आईच म्हणाली, "भाऊजी, पोट्टीले कायले नंदी?" काकाजींनी रंधा थांबवला नाही. "कावून? बैल का पोट्ट्याइनंच चारले? गावी माया बहिणीच नेत होत्या बैल पान्यावर." माझ्या नंदीचं एक शिंग वाकडं झालं होतं. काकी म्हणाली बदलून घे, मी बदलू दिलं नाही.

नंदी घेऊन घरोघर फिरायचं, लोक बोजारा देतात, म्हणजे खाऊ नाहीतर नाणी. पण काकाजींच्या दारात बोजारा फुकट मिळत नसे. तिथे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असे. त्याखाली नंदी ओळीने उभे करायचे आणि एकेकाने झडती म्हणायची. पुण्या-मुंबईच्या वाचकांना झडती म्हटलं की पोलीस आठवतील. आमच्याकडे झडती म्हणजे पोळ्याच्या तोरणाखाली खणखणीत आवाजात म्हणायच्या चार ओळी, टोमणे मारणाऱ्या, हसवणाऱ्या, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून 'हर बोला हर हर महादेव'. काकाजींची अट एकच. पाठ केलेली चालणार नाही. "दुसऱ्याची झडती म्हनजे दुसऱ्याचं जेवन. त्यानं आपलं पोट भरते का? आपल्या घरची गोष्ट आन." मग आम्ही आठवडाभर आधीपासून घरातल्या गोष्टी शोधत हिंडायचो. कोणाच्या आजीचा चष्मा, कोणाच्या मामाची बंद पडणारी स्कूटर. एकाने तर बापाच्या घोरण्यावर केली होती, आणि बापाने ती ऐकून त्याला दुप्पट बोजारा दिला होता.

मी अकरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. छत्तीसगढ राज्य नवंनवं झालं होतं. त्या वर्षीची माझी झडती अशी होती:

भट्टी तापली, भोंगा झाला, पाळी लागली बाबाले,
डबा भरला मायनं अन् झाकन लावलं मले,
बैल नाही, वावर नाही, बंडी नाही आमाले,
लाकडाचा नंदी घेऊन आलो आमी पोळ्याले!

'झाकन लावलं मले' याचा अर्थ झाकण लावायचं काम मला लावलं, असा होता, पण ऐकणाऱ्याला वाटे झाकण मलाच लावलं. लोक हसले, मीही हसले. काकाजी मात्र बाजेवरून उठून उभे राहिले. दोनदा म्हणायला लावली. "हे मी क्रेनवर नेतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्या आल्या मला सांगितलं की केबिनमध्ये बसून दिवसभर हीच म्हणत होतो. "आता हे झडती मंडळात म्हनाची तुनं. गनपतीत. सगळ्याइसमोर. तुया बाप पुढच्या खुर्चीवर बसून आयकन."

बाबांनी ती ऐकली नव्हती. तान्ह्या पोळ्याला त्यांची पाळी होती. घरीही मी म्हणून दाखवली नाही. मला ती बाबांना मंडळातच ऐकवायची होती, त्यांच्या डब्याची, त्यांच्या पाळीची गोष्ट, माइकवरून. आईला मी शपथ घातली होती. बाबांनी त्या दिवसासाठी कोणाशी तरी पाळी बदलून घेतली, इस्त्रीचा शर्ट काढला. मला आणखी काही नको होतं.

मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं. मराठी माणसांचंच मंडळ, पण त्यात दोन प्रकारचे मराठी होते. मोठ्या क्वार्टरांतले, पुण्या-नाशिककडून आलेले, ज्यांच्या बायका नाटकं बसवत. आणि शॉपमधले आम्ही, जे आरतीला मागे उभे राहत आणि महाप्रसादाची पातेली उचलत. काकाजींनी कितीतरी वर्षं पातेली उचलली होती. त्या वर्षी पहिल्यांदाच शॉपमधल्या माणसाला कार्यवाह केलं, आणि तो माणूस म्हणजे काकाजी. आमच्या सडकेने पेढे वाटले. काकीने त्यांना नवा झब्बा शिवला. तो घालून ते आरशासमोर उभे राहिले तेव्हा मी दारातच होते. "कसा दिसतो वो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नवरदेवावानी." ते लाजले.

त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमाला पुण्याहून एक पाहुणे बोलावले होते, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. ते पोचले, पुढच्या सोफ्यावर बसले, आणि पाच मिनिटांनी काकाजी पडद्यामागे माझ्याकडे आले. घामाघूम. "हे बघ बाळा," ते म्हणाले. मला त्यांनी कधी बाळा म्हटलं नव्हतं. "तेवढं 'मले'चं 'मला' कर. 'आमाले'चं 'आम्हाला'. एवढंच." मी करून पाहिलं. बाबाला, मला, आम्हाला, पोळ्याला. यमक जुळतच होतं, हेच वाईट झालं. मोडलं असतं तर मी भांडले असते. दोनदा नीट म्हटलं, तिसऱ्यांदा जिभेवर आपसूक 'मले' आलं. काकाजींनी पडद्याच्या फटीतून सोफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू पुढच्या वर्षी म्हन," ते हळूच म्हणाले, "आज मंडळाच्या इज्जतीचा सवाल हाये." आणि त्यांनी रेवतीला हाक मारली.

रेवती एका अफसरांची मुलगी, माझ्याच वयाची. तिच्यावर माझा राग नाही. चांगली मुलगी होती, आणि रेडिओवर बोलतात तसं स्वच्छ बोलायची. तिने तिथेच उभ्या उभ्या चार ओळी पाठ केल्या. "बंडी म्हणजे काय गं?" तिने मला विचारलं. मी सांगितलं, बैलगाडी. मग ती माइकपुढे गेली आणि माझ्या बाबांचा डबा, माझ्या आईचे हात, आमच्या घरचा भोंगा, सगळं 'ला' लावून म्हणून आली. 'झाकण लावलं मला' म्हटल्यावर कोणी हसलं नाही, पण टाळ्या खूप पडल्या. तिचे वडील ऑफिसच्या गाडीने कामावर जात, त्यांना डबा लागत नसे. बाबा पुढून दुसऱ्या रांगेत बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, मान उंच करून मला शोधत होते.

कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांनी सगळ्या मुलांना पेढे दिले. भला माणूस होता. "ती बैलांची कविता छान होती," ते म्हणाले, "कोणी लिहिली?" मी हात वर केला. "म्या. माही झडती हाये ते. मले म्हनाची होती." आजूबाजूच्या बायका हसल्या. पाहुणे माझ्याकडे वाकले. "मले? हे कुठलं गं?" मी काकाजींकडे पाहिलं. मला अगदी खात्री होती. आता काकाजी ओठांचं सांगणार, जांभईचं सांगणार, आणि मग पाहुणेही आरशात करून पाहणार. मी तर हसायची तयारीसुद्धा केली होती. काकाजी हसले, पण बायकांच्या बरोबरीने. आणि जपून जपून, एकेक शब्द पुसून घेतल्यासारखं बोलले, "कुठून शिकून येतात देव जाणे, सर. घरी कोणाचं लक्षच नसतं." बाबा माझ्या मागेच उभे होते, हातात पेढ्याची बशी घेऊन. पुणेकर ज्याला झडती म्हणतात ती त्या दिवशी माझी झाली, भर मंडपात, बापासमोर.

घरी येताना मी स्कूटरवर बाबांच्या मागे बसले होते. त्यांच्या पाठीला म्हटलं, "बाबा, ते माहीच होती." ते म्हणाले, "मालूम है बेटा।" मग दारात स्कूटर लावताना, "आज से हम लोग घर में भी हिंदी ही बोला करेंगे। ठीक है?" त्यांना मला वाचवायचं होतं. हिंदीत कोणी हसणार नव्हतं, सगळ्या भिलाईची हिंदी सारखीच वेडीवाकडी. पण बाबांची हिंदी प्लांटातली होती. त्या हिंदीत रागवता येई, रिझल्टबद्दल विचारता येई, गेट बंद कर म्हणता येई. लाड करायला त्यांच्याकडे हिंदी नव्हतीच. 'माय वो माही' म्हणत डोक्यावर हात ठेवणारा माणूस 'शाबाश बेटा' म्हणायला लागला, आणि हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. आई एकटी बरेच दिवस मराठीत बोलत राहिली, मग तीही थकली. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी जे काही बोलले, ते हिंदीतच.

काकाजींना यातलं काही कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखी बाज टाकली, नेहमीसारखी हाक मारली. "कावून वो, आली नाही? कोडं रायलं ना तुयं." मी खिडकीतून म्हटलं, "मुझे पढ़ना है।" त्यांनी कानामागे हात धरला, पुढे वाकले. "का म्हनतं? भट्टीचा लय आवाज हाये." बाकीची पोरं खिदळली. मी पुन्हा सांगितलं नाही. खिडकी लावून घेतली. पुढल्या तान्ह्या पोळ्याला मला ताप आला असं आईने सांगितलं, त्याच्या पुढल्या वर्षी मी मोठी झाले होते.

त्यांनी असं का केलं, हे मला आज समजतं. आयुष्यभर उंचावर बसून खालच्यांच्या खुणांवर हूक हलवणाऱ्या माणसाला जमिनीवर पहिल्यांदा पुढची खुर्ची मिळाली होती, आणि ती एका 'मले'ने जाईल अशी भीती त्याला वाटली. त्यांना स्वतःला कधी कोणी हसलं असेल, कोणत्या सोफ्यावरून, कोण जाणे. समजतं मला सगळं. पण समजलं म्हणून दुखायचं थांबत नाही. मामी हसल्या तेव्हा मला काकाजींकडे जाता आलं. काकाजी हसल्यावर कोणाकडे जायचं?

बोलणं सुटलं, वाचणं मात्र सुटलं नाही. मंडळातल्या कपाटातली पुस्तकं मी एकेक करून सगळी वाचली, कोणाशी न बोलता. हे मी ज्या मराठीत लिहिते आहे ती तिथली, कपाटातली. लिहिताना कोणी हसत नाही.

आता मी भिलाईजवळ कुम्हारीच्या एका शाळेत बालवर्ग घेते. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक चिमुरडी आली, चार वर्षांची, तोंडाचा पट्टा सतत चालू. "मैडम, मोला पानी दे ना। मोला खिड़की के पास बैठना हे।" तिची आई मला म्हणाली, "मैडम, इसका 'मोला' छुड़वा दीजिए, सब हँसते हैं।" 'मोला' म्हणजे छत्तीसगढीतलं 'मले'च. मी नाही सोडवलं. पण वर्गात आणखी मुलं होती, बस होती, बसमध्ये ताई होती. दिवाळीपर्यंत 'मोला' गेलं. नाताळपर्यंत ती पाणी मागेनाशी झाली, नुसती नळाकडे बघायची. आमच्याकडे एकदा मुलांच्या मानसिक विकासावर प्रशिक्षण झालं. मोठ्या पडद्यावर रंगीत चित्रं, संस्कार, परिसर, आत्मविश्वास. मी मान डोलवत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ती नळाकडे बघत होती. मूल आधी शब्द सोडतं, मग मागणं सोडतं. चित्रात ते कुठे दाखवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडता रडता मला काकाजींचा इतका संताप आला की वाटलं, जावं आणि विचारावं एकदा.

काकाजी निवृत्तीनंतर भिलाईतच स्मृति नगरला राहायला आले होते. मीही लग्नानंतर तिथेच, दोन गल्ल्या सोडून. इतकी वर्षं ते बाजारात दिसले की मी भाजी निवडत बसायचे. एका रविवारी संध्याकाळी गेले. कंबरेचं हाड मोडल्यापासून ते पलंगावरच होते, उशीला टेकून. काकी देवाघरी जाऊन बरेच दिवस झाले होते. त्यांनी मला ओळखलं, हात धरला, डोळे भरून आले. "अरे बेटा! कैसी है? बैठ, बैठ।" हात तोच, खरखरीत, गरम. माझा राग तिथेच अर्धा झाला. हे कबूल करताना मला लाज वाटत नाही, त्या हाताने माझ्यासाठी नंदी तासला होता.

मी विषय काढला. तो गणपती आठवतो का, पुण्याचे पाहुणे. विचारलं मराठीतच असतं, पण त्यांनी हिंदीत सुरुवात केली होती आणि माझ्या तोंडूनही हिंदीच बाहेर पडली. त्यांचा चेहरा उजळला. "कैसे भूलूँगा! अपना मंडळ उस दिन क्या चमका था! रेवती ने क्या झडती बोली थी! पूरा हॉल ताली बजा रहा था।" मग डोळे मिटून, मान डोलवत त्यांनी ती म्हणायला सुरुवात केली. भट्टी तापली, भोंगा झाला. सगळी म्हटली, एकही शब्द न चुकता, 'ला' लावून. "क्रेन पे बैठके बनाई थी मैंने," ते म्हणाले. "पूरी पाळी लगी थी। तू थी क्या उस दिन? तू तो छोटी थी।"

खोटं बोलत नव्हते ते. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं, खोटं बोलणारा माणूस असा हसत नाही. त्यांनी ती क्रेनवर नेली होती ती नेलीच. मी काय विचारणार होते ते मला सापडेना. पदर सावरत त्यांची धाकटी सून आतून आली, भंडाऱ्याकडची, नव्यानेच आलेली. माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवत ती म्हणाली, "बसा ना ताई. तुमच्यासाठी चाहा मांडू का?" किती वर्षांनी कोणी माझ्याशी त्या आवाजात, घरच्या बोलीत बोललं होतं. मी उत्तर देणार तेवढ्यात काकाजींनी उशीवरून मान उचलली.

"तिच्यासंग हिंदीत बोल वो," ते सुनेला म्हणाले, अगदी मायेने. "तिले मराठी येत नाही."

माझ्या तोंडात दोन्ही मराठी होत्या, घरची आणि कपाटातली. त्यातून एकच शब्द बाहेर आला.

"येते," मी म्हणाले.

काकाजींना वाटलं, मी निघाले. त्यांनी माझा हात थोपटला आणि सोडला. "अच्छा बेटा," ते म्हणाले, "आते रहना।"